कलाभवन, नीळ आणि भाचीचा पसंतीक्रम

"मामा, कोड आता एआयच लिहितो, मग मी चार वर्षे कम्प्युटर कशाला शिकू?" भाचीने परवा विचारले. मागच्या महिन्यापर्यंत एसीपीसीच्या, म्हणजे गुजरातच्या अभियांत्रिकी प्रवेश समितीच्या, तिच्या पसंतीक्रमात कम्प्युटर सर्वांत वर होते. आता ते मेकॅनिकलच्या खाली गेले आहे. बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या ओळखीच्या दोन-तीन घरांतही मी हीच चर्चा ऐकली, आणि अमेरिकेतील अनेक विद्यापीठांतही या शाखेचा ओढा ओसरू लागला आहे.

मुलांना मी दोष देत नाही. आम्ही त्यांना पॅकेजचे आकडे सांगितले. हा विषय मुळात कशाचा विचार करतो, हे कोणी सांगितलेच नाही. मी २००२ मध्ये पदवी घेतली तेव्हा डॉट-कॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा, फुगा फुटलेला होता, आणि नेमणुकीचे पत्र हातात असूनही आमच्यापैकी कित्येकांना वर्षभर बोलावणे आले नाही. त्या वर्षात टिकले ते विषयाची गोडी लागलेले.

विषय कशाचा, ते एका उदाहरणाने सांगतो. एक लाख नावांच्या यादीत कोणते नाव दोनदा आले आहे हे शोधायचे आहे. प्रत्येक नाव इतर प्रत्येकाशी ताडून पाहिले, तर जवळजवळ ५०० कोटी तुलना कराव्या लागतात. यादी आधी नीट क्रमाने लावून घेतली, तर सुमारे १७ लाखांत ते काम होते आणि मग शेजारशेजारची नावे तेवढी पाहायची उरतात. दोन्ही प्रोग्रॅम एआय क्षणात लिहून देईल, आणि दहा नावांवर दोन्ही सारखेच बरोबर चालतील. त्यांतला कोणता घ्यायचा आणि का, हे ज्याला कळत नाही, त्याने ते लिहिलेले तपासायचे तरी कसे?

आपल्या बडोद्याला हे नवे नाही. महाराज सयाजीरावांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवनात कापड रंगवण्याचे काम शिकवले जाई, आणि त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे जाणकार होते. १८९७ मध्ये जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडची निळीची शेती मोडली. ज्यांचे सारे त्या एका पिकावर उभे होते त्यांचा धंदा बुडाला. रसायन जाणणाऱ्या गज्जरांनी मात्र कोटिभास्कर आणि अमीन यांच्यासोबत १९०७ मध्ये, याच शहरात, अलेम्बिक या औषध कंपनीचा पाया घातला. माझ्या मते कोड म्हणजे नीळ आणि संगणकशास्त्र म्हणजे ते रसायन. भाचीला निळीचा भाव पडल्याचे कळले आहे, रसायनाची ओळख मात्र अजून कोणी करून दिलेली नाही.

रविवारी तिला वही-पेन्सिल घेऊन बोलावले आहे. नावांची तीच यादी तिच्यापुढे ठेवीन, आणि ५०० कोटींचे १७ लाख कसे होतात हे तिला स्वतःला शोधू देईन. त्यानंतरही तिला मेकॅनिकलच हवे असेल, तर पसंतीक्रम भरताना मी आनंदाने तिच्या शेजारी बसेन.