झाकण बदलून गळती थांबते का?

चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०४५५ हा बिघाडाचा कोड आला, की जालना रोडवरच्या गॅरेजात ठरलेलं उत्तर: "टाकीचं झाकण बदला, भाऊ." बदललं. कोड पुसला. आठवडा जात नाही तोच दिवा परत हजर! अहो, कोड पुसल्यानं गळती बुजते का? पी०४५५ एवढंच सांगतो की पेट्रोलच्या वाफेची गळती मोठी आहे. कुठं आहे ते शोधायचं काम मेकॅनिकचं. वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल, कॅनिस्टरजवळचा (म्हणजे वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्याजवळचा) बाहेरची हवा आत घेणारा व्हेंट व्हॉल्व्ह धुळीनं नीट मिटत नसेल. आमच्याकडची धूळ आणि मे महिन्याचं ऊन, रबरी नळ्यांना चिरा पडणारच. पी०४५६, म्हणजे अगदी बारीक गळतीचा कोड असेल तर भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, ते टॉर्च मारून दिसणार आहे? नळ्यांत धूर सोडून गळती दाखवणारं स्मोक मशीन लावा ना! पर्ज व्हॉल्व्ह तर काढून, वीज न देता नुसता फुंकला तरी कळतं: हवा पार गेली की खराब. तेवढंही कुणी करत नाही. वर एक जण कंप्रेसरची नळीच जोडायला निघाला! एक पीएसआयच्या आत, म्हणजे अगदी हलक्या दाबानं तपासायची गोष्ट आहे ती, कॅनिस्टर फुटलं तर भरून देणार कोण?