गाव आधी भरतं, नकाशा मागून येतो

आमच्या सोसायटीच्या गेटपासून रस्ता चांगला काँक्रीटचा आहे. दोनशे पावलं. मग रस्त्यातच विजेचा खांब, आणि खांबापलीकडे जुनी पाणंद. आमच्या बिल्डरनं आमच्या गेटपुढे रस्ता केला, पुढच्यानं त्याच्या. मधला तुकडा कुणाचाच नाही. सकाळी साडेसातला तिथे शाळेची बस, पाण्याचा टँकर आणि उसाची ट्रॉली समोरासमोर येतात, आणि कुणीतरी मागे घेईपर्यंत सगळे खोळंबतात.

मी पुण्यात २०२१ साली महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी एका गावात राहते. त्याआधी २०१७ मध्ये ११ गावं आली होती. दोन्ही वेळेला गावं हद्दीत आली ती इमारतींनी भरल्यावर. शिवाय आमच्या २३ गावांचं पाणी, कचरा, मिळकतकर महापालिकेकडे गेलं आणि बांधकाम परवानगी व नियोजन पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. इमारत मंजूर करणारा एक आणि तिला पाणी देणारा दुसरा. ग्रामपंचायत बरखास्त झाली, मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षं तरी निवडणूकच झाली नाही. त्या काळात सरपंच नव्हता, नगरसेवक नव्हता. माणसानं जायचं कुणाकडे?

पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला. हरकती झाल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२५ मध्ये सरकारनं तो आराखडाच रद्द केला. तोवर बांधकामं थांबली होती का? रस्ता कुठून जायचा हे ठरायच्या आत त्या जागेवर स्लॅब पडले. ओढे बुजले.

जानेवारी २०२५ मधली जीबीएसची, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची साथ आठवा. नांदेड, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात रुग्ण जास्त होते. हजारो फ्लॅट झाले, पण पाणी येत होतं विहिरीचं, शुद्धीकरण प्रकल्पाशिवाय. ते दिवस मी विसरू शकत नाही. आम्ही पिण्याचं पाणी वीस-वीस मिनिटं उकळत होतो आणि तरी मुलांना देताना हात थांबायचा.

शहर वाढणारच, मला मान्य आहे. शहरात घर परवडलं नाही म्हणून मीही इथेच आले. शेत विकणाऱ्याचाही दोष नाही. पण गुंठा-गुंठा सुटा विकला गेला की नंतर रस्त्याला, शाळेला, मैदानाला जागा आणायची कुठून? यावर आपल्याकडे जुना उपाय आहे, टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना. मुंबई इलाख्यात त्याचा कायदा १९१५ चा. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि आरक्षणं आधी काढायची, मग प्रत्येकाला थोडा लहान पण रस्त्याला लागून असलेला, जास्त किमतीचा प्लॉट परत द्यायचा. मगरपट्ट्यात तर शेतकरी कुटुंबांनीच सुमारे ४०० एकर जमीन एकत्र आणून, त्यात भागीदार राहून वसाहत उभी केली. म्हणजे हे पुण्यातच झालेलं आहे.

माझं म्हणणं एवढंच की पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन कधी येणार ते लेखी ठरल्याशिवाय एकाही टॉवरला परवानगी नको. आणि शेजारच्या गावांचे रस्ते, ओढे, कचरा यांचा निर्णय एका टेबलावर व्हावा. त्यासाठी ७४ व्या घटनादुरुस्तीत महानगर नियोजन समिती सांगितली आहे, तिच्यातले किमान दोन तृतीयांश सदस्य पालिका आणि पंचायतींच्या लोकप्रतिनिधींमधून निवडायचे. तिच्या बैठका नियमित व्हाव्यात, आणि त्यात काय ठरलं ते गावच्या फळ्यावर लागावं.

आमच्या पाणंदीला लागून ज्यांचं रान आहे ते काका परवा म्हणाले, "ताई, रस्ता कुठून जाणार ते एकदाच सांगा, मी जागा सोडतो. पण दरवर्षी नवा नकाशा घेऊन येऊ नका."

हद्दीच्या पुढच्या गावांत आता 'एनए प्लॉट'चे, म्हणजे बिगरशेती प्लॉटचे बोर्ड लागलेत. तिथे कुणी राहत असाल तर येत्या ग्रामसभेत ओढ्यांचा आणि पाणंदींचा नकाशा मागा. अजून तिथे मोकळी जागा आहे.