डक्टचं बिल पास करून घ्यायचंय? मग हे करा

परवा शुक्रवारी संध्याकाळी सहाला माझ्या टेबलावर एसीची हवा नेणाऱ्या पत्र्याच्या डक्टचं सातवं आरए बिल (झालेल्या कामाचं हप्त्याचं बिल) येऊन पडलं, वर निरोप, "सर सोमवारी पेमेंट आहे, तेवढं बघून घ्या." २५ वर्षं मेकॅनिकलचा क्यूएस, म्हणजे काम मोजून बिल तपासणारा क्वांटिटी सर्व्हेयर, म्हणून काढली, तेव्हा नव्या साइट इंजिनियर मंडळींसाठी दोन शब्द लिहायचा हक्क आहेच माझा.

बिल शुक्रवारीच पाठवा. हे तर तुम्हाला येतंच.

ड्रॉइंगची रिव्हिजन सांगू नका. काम आर-५ वर, बिल आर-३ वर, क्यूएसलाही जरा विरंगुळा.

बेंड, फ्लँज, हँगर असे डक्टचे जोडभाग रेटमध्ये धरलेले असले तरी एक्स्ट्रा आयटममध्ये परत टाका, कोण बघतंय.

सही आधी करा, आकडे काय नंतरही भरता येतात.

आणि मुख्य म्हणजे जॉइंट मेजरमेंटच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून मोजायच्या, आधी फॉल्स सीलिंग बंद करून टाका. आता आमच्या खराडीच्या साइटचंच घ्या ना. चौथ्या मजल्यावर १२०० बाय ६०० एमएमचा मेन डक्ट, ४० मीटर लांब, म्हणजे चारही बाजू धरून १४४ स्क्वेअर मीटर पत्रा, इथपर्यंत सगळं गोड. टेंडरमध्ये या साइजला २२ गेज, ०.८० एमएमचा पत्रा. डक्ट चढला, त्यावर इन्सुलेशनचं नायट्राइल रबर चिकटलं, खाली जिप्समवाल्याने सीलिंग मारलं, पेंटरने दोन हात फिरवले आणि मग मला फोन, सर मोजायला या. काय मोजू, पेंट? पन्नाशीच्या माणसाने शिडीवर चढून ट्रॅपडोअरमधून डोकं घातलं, तोंडात टॉर्च, शेवटच्या टोकाचं रबर कटरने सोडवून स्क्रू गेज लावला तर ०.६३. २४ गेज, आकडा मोठा पण पत्रा पातळ! बिलात मात्र २२. फरक ०.१७ एमएमचा, ऐकायला काहीच नाही, पण त्या एका डक्टमध्ये जवळजवळ १९० किलो पत्रा गायब होतो. कॉन्ट्रॅक्टरला विचारलं तर म्हणे, "सर, हवा तर येतीये ना?" आणि मोजणीच्या शीटवर आपल्याच इंजिनियरची सही, "चेक्ड" लिहून. बिल कापलं तर साहेब म्हणतात, थोडं अ‍ॅडजस्ट करून घे. पत्रा कशात अ‍ॅडजस्ट करू, सांगा ना!

अरे, टेप धरायला दोन माणसं आणि अर्धा तास लागतो रे. रबर चढायच्या आधी एक फोन करायला काय होतं तुम्हाला? सीलिंग झाल्याचे चौदा फोटो ग्रुपवर टाकता, त्यात उघड्या डक्टला टेप लावलेला एक फोटो नाही. न बघता सही ठोकायला लाज कशी वाटत नाही? उद्या ऑडिट आलं की उत्तरं मी द्यायची, तुम्ही तोवर दुसऱ्या साइटला.

पाचव्या मजल्याचं सीलिंग गुरुवारी बंद करताय असं कळलंय. बुधवारी नगर रोडचं ट्रॅफिक झेलत येतोय मी. शिडी काढून ठेवा, त्या सहीवाल्याला उभा करा, आणि मी येईपर्यंत शीट कोरी राहू द्या.