दोन कातडी

भाच्याच्या लग्नात कोल्हापुरीच घालणार, असं मी जाहीर केलं तेव्हा बायको फक्त "बघा बरं" म्हणाली.

चप्पल लाईनमधल्या दुकानदारानं बजावलं होतं, "सायेब, रोज रात्री तेल पाजा. आठ दिस घरातच अर्धा-अर्धा तास घाला. एकदम घालून हिंडू नका, चावती." मी जन्मानं शिवाजी पेठेतला, आणि हा मला चप्पल शिकवतोय! तेल स्वयंपाकघरात राहिलं, मी थेट वरातीत.

डॉल्बीच्या पहिल्या गाण्याला काही वाटलं नाही. दुसऱ्याला अंगठ्याच्या बुडाशी गरम लागलं. तिसऱ्याला मी नाचतोय की लंगडतोय हे कुणालाच कळेना. दोघा-तिघांनी तर माझी स्टेप उचलली.

रात्री बघतो तर बोराएवढा फोड. आत नितळ पाणी, बोट लावलं की इकडून तिकडं डुलतंय.

शेजारचे डॉक्टर चहाच्या फीवर आले. म्हणाले, "पट्टा वरची कातडी धरून ठेवतो, आतलं हाड पुढं सरकतं. त्या ओढाताणीत कातडीचे थर सुटतात नि मधे पाणी भरतं. फोडू नका, वरचं कातडं हेच बँडेज. हाच दाब रोज थोडा-थोडा दिला असतात, तर कातडीनं थर चढवून घट्टा केला असता." म्हणजे दुकानदारानं सांगितलं तेच, तेल वगळून.

आता मला सांगा, लढत तरी बरोबरीची होती का? एक कातडं बाभळीच्या सालीत नि हिरड्यात मुरलेलं, 2019 साली जीआय मानांकन मिळवलेलं. दुसरं वीस वर्षं बँकेच्या एसीत, मोज्यात मुरलेलं.

आमच्या गल्लीतल्या पैलवानाचा कान मातीत रगडून-रगडून भज्यासारखा झालाय. आत रक्त साकळून गाठ धरते म्हणे. पण तो कान मिरवता येतो, तालमीत मान मिळतो. मी अंगठा कुणाला दाखवू?

शेवटी शुक्रवारी अंबाबाईला गेलो. स्टँडवर न ठेवता चप्पल मुद्दाम महाद्वाराबाहेर उघड्यावर सोडली आणि दर्शनाला चांगला तासभर लावला.

परत आलो तर शेजारचे नवेकोरे बूट गायब. आणि माझी जोडी, दोन्ही कान टवकारून, आहे तिथंच माझी वाट बघत बसलेली.