ॲडव्हान्स नाही, तर तारीख तुमची नाही

"ताई, तेवढ्या तारखा होल्ड करून ठेवा, आमचं पक्कंच समजा."

हे वाक्य यापुढे मला कोणीही ऐकवू नका. गेला आठवडाभर या एका वाक्यापायी मी झोपेतसुद्धा तारखा मोजत होते. डोकं इतकं तापलंय की लिहून टाकल्याशिवाय ते शांत व्हायचं नाही.

आमचं एकच घर आहे, सुट्टीसाठी भाड्यानं देतो. हॉटेलात एक खोली अडकली तर दुसरी देता येते. इथे एका रात्रीला एकच कुटुंब राहू शकतं. एकाला थांबवून ठेवायचं म्हणजे त्या तारखेसाठी येणाऱ्या बाकी सगळ्यांना परत पाठवायचं. हे समजायला फार अक्कल लागत नाही, पण "होल्ड" मागणाऱ्याच्या ते गावीही नसतं.

जोडून सुट्ट्या आल्या होत्या. सोमवारी सकाळी पहिला फोन. बारा जणांचा ग्रुप, गुरुवार ते रविवार, चारही रात्री. दहा मिनिटं बोलले, फोटो मागवले, पोचायचा रस्ता विचारला, गाड्या किती लागतील ते विचारलं. ॲडव्हान्सचं म्हटल्यावर, "ग्रुपवर टाकतो, बुधवारी संध्याकाळपर्यंत पाठवतोच." मी ठीक आहे म्हणाले आणि डायरीत पेन्सिलनं नाव लिहिलं. इन्क्वायरी मी पेन्सिलनंच लिहिते. त्या शुक्रवारच्या चौकोनात आता इतक्या वेळा खोडून झालंय की कागद खरवडला गेलाय, मागच्या पानावरची अक्षरं दिसायला लागली आहेत.

मंगळवारी दुपारी एका बाईंचा फोन आला. त्यांना शुक्रवार आणि शनिवार, दोनच रात्री हव्या होत्या. वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. खालच्या मजल्यावर झोपायची खोली आहे का, बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का, उंबरा किती उंच आहे. मी फोन कानाला लावूनच पट्टी घेतली आणि उंबरा मोजला. चार सेंटिमीटर. "मग जमेल बाबांना," त्या म्हणाल्या. "पैसे आत्ताच पाठवू का?"

आणि मी त्यांना थांबवलं! शब्द दिला होता ना आदल्या दिवशी. म्हटलं, तुमच्या आधी एकांनी विचारलंय, बुधवारी संध्याकाळपर्यंत थांबाल का? त्या थांबल्या. तक्रारीचा सूरसुद्धा काढला नाही.

त्याच रात्री बुकिंगच्या एका साइटवरून तिसऱ्याची रिक्वेस्ट आली, तीन रात्रींसाठी. तिथे चोवीस तासांचं घड्याळ चालू होतं. उत्तर दिलं नाही तर रिक्वेस्ट आपोआप रद्द होते, उत्तर देण्याचं प्रमाण घसरतं आणि मग शोधात घर खाली ढकललं जातं. नकार दिला तर गिऱ्हाईक गेलं. मी मुदत संपायला अर्धा तास असेपर्यंत वाट पाहिली आणि नकार दिला. पुन्हा तेच, पहिल्या माणसाला दिलेल्या शब्दापायी.

बुधवारी संध्याकाळी पैसे नाहीत. मेसेज केला, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. फोन केला, उचलला नाही. रात्री पुन्हा केला, कट केला. गुरुवारी सकाळी त्या बाईंचा मेसेज: "तुमच्याकडून काल काहीच कळलं नाही, म्हणून आम्ही दुसरीकडे घेतलं." त्यांचं काहीही चुकलं नाही. आणि गुरुवारी रात्री उशिरा त्या महाशयांचा मेसेज: "सॉरी ताई, ग्रुपचं दुसरीकडे ठरलं. पुढच्या वेळी नक्की." पुढे हात जोडलेलं चित्र.

दुसरीकडे ठरलं म्हणजे काय, तर चार ठिकाणी होल्ड करून ठेवलं होतं! एका ठिकाणी राहणार होते आणि चार घरांच्या तारखा अडवून बसले होते. तीन मालकांनी माझ्यासारखाच कोणालातरी नकार दिला असणार. आणि मंगळवारी रात्रीच ठरलं असेल तर बुधवारी सकाळी एक ओळ लिहायला किती वेळ लागतो? "आमचं रद्द" इतके दोन शब्द. तेवढ्या दोन शब्दांवर ते बाबा इथे आले असते.

शेवटी काय झालं, कोणीतरी फक्त शनिवारची रात्र घेतली. ही एक रात्र मागणारी मंडळी हे वेगळंच दुखणं आहे. जोडून सुट्टीतला शनिवार एकट्यानं गेला की शुक्रवार आणि रविवार दोन्हीकडून तुटतात, त्या सुट्या रात्री नंतर कोणी घेत नाही. साफसफाई, चादरी, पाण्याची टाकी, हे सगळं एका रात्रीलाही तेवढंच लागतं. चार रात्रींपैकी तीन रिकाम्या गेल्या.

लोक सांगतात, कॅलेंडर जोडून घ्या, सगळं आपोआप होतं. काही आपोआप होत नाही. घर दोन-तीन साइटवर असलं की प्रत्येक साइट एक लिंक देते, ती दुसरीत टाकायची. ती आयकॅलची फाइल असते, कॅलेंडरमधली माहिती इकडून तिकडे न्यायचा हा प्रकार 1998 सालचा. त्यात पहिली साइट दुसरीला बुकिंग झाल्याचं कळवत नाही. दुसरी आपल्या सवडीनं, काही तासांनी ती फाइल उचलते. मधले तास दोन्हीकडे तारीख मोकळी दिसते. मागच्या हंगामात रात्री सव्वा अकराला एका साइटवर बुकिंग झालं आणि पावणेबाराला दुसरीवर, त्याच दोन रात्री. दोन्ही कन्फर्म, दोन्हीकडे लोकांनी पैसे भरलेले. मी सकाळी उठून पाहते तो हा प्रकार. एकाला रद्द करावं लागलं. दंड मला, शेरा माझ्या नावावर, आणि त्या माणसाच्या शिव्याही मीच ऐकल्या. मी तेव्हा झोपलेली होते.

चॅनल मॅनेजर, म्हणजे सगळ्या साइटची कॅलेंडरं एकत्र सांभाळणारा प्रोग्रॅम, घेतला तर हे बरंच थांबतं, तो साइटशी थेट जोडलेला असतो आणि लगेच तारीख बंद करतो. पण एका घरासाठी दर महिन्याला त्याचं भाडं भरायचं. आणि तो तरी काय करणार? फोनवर कोणी "पक्कंच समजा" म्हणालं, ते त्याला कुठून कळणार? ती तारीख मलाच हातानं बंद करायची आणि मलाच आठवणीनं उघडायची.

वर आरोप असा की मी खोटं बोलते. "काल अव्हेलेबल म्हणालात, आज नाही म्हणता?" अहो, काल होतं! काल विचारणाऱ्या तिघांनाही मी आहे म्हणाले, कारण तिघांच्याही वेळी ते होतं. विचारल्यानं तारीख बंद होत नाही. बऱ्याच साइटवरही नुसती चौकशी आली म्हणून तारीख अडत नाही, पैसे भरून बुकिंग झालं की अडते. मग फोनवर विचारलं म्हणून ती तुमची कशी झाली?

आता मी ठरवलंय. तोंडी होल्ड बंद. ज्याचा ॲडव्हान्स आधी, तारीख त्याची. कोणी अगदीच अडचणीत असेल तर चार तास, तेही वेळ लिहून पाठवून. आणि एका तारखेला दोघं असतील तर दोघांनाही सांगायचं की दुसरं कोणीतरी आहे.

काल हेच केलं. दुपारी बारा वाजता दोघांना एकच मेसेज पाठवला: याच तारखांसाठी दोन कुटुंबं आहेत, ज्यांचे पैसे आधी येतील त्यांचं बुकिंग. एकांचे सव्वा बाराला आले. दुसरे संध्याकाळी साडेसहाला फोन करून भांडले. "आम्ही आधी विचारलं होतं! एवढासुद्धा विश्वास नाही का तुमचा?"

मी त्यांना सांगितलं, तुम्ही आधी विचारलं होतं हे खरं आहे. पण तुम्हाला आणि त्यांना मी एकाच मिनिटाला कळवलं होतं, आणि सहा तास तुम्ही मेसेज वाचून ठेवला होता.

त्यांनी फोन ठेवला. मी डायरीत ते नाव पेननं लिहिलं.