जुवेनलच्या ओळीतला आगंतुक 'च'

'निरोगी शरीरातच निरोगी मन वसते. – रोमन तत्त्वज्ञ जुवेनल.' आमच्या जिमच्या भिंतीवर हे वाक्य आहेच, गेल्या आठवड्यात ते शेपूट लावून व्हॉट्सअ‍ॅपवरही आलं. शेपूट असं: शरीर कमवा, मन आपोआप ताळ्यावर येईल, डिप्रेशन हे आळशांचे चोचले, व्यायाम करा, शंभरी गाठा, आपला कालिदासही हेच सांगून गेलाय.

व्यायामाशी माझं भांडण नाही. मीही जातो जिमला, जमेल तेव्हा.

पहिलं म्हणजे जुवेनल तत्त्वज्ञ नव्हता. तो कवी, आणि तोही तिरकस. त्याच्या 16 उपरोधिका आहेत आणि त्यांत तो रोमकरांची सालटी काढतो.

खरी गोम त्या 'च'मध्ये आहे. मूळ लॅटिन ओळ अशी: 'ओरांदुम एस्त उत सित मेन्स साना इन कॉर्पोरे सानो'. सगळे 'मेन्स साना'पासून सुरुवात करतात, आणि अर्थ दडलाय तो गाळलेल्या शब्दांत. 'ओरांदुम एस्त उत सित' म्हणजे 'असावं, अशी प्रार्थना करावी'. धड शरीर आणि त्यात धड मन मिळो, एवढंच. हा नियम नाही, हे मागणं आहे. शरीराबरोबर मन फुकट मिळत असतं, तर ते वेगळं मागितलं कशाला असतं? (बूट बनवणाऱ्या असिक्स कंपनीचं नावही याच वचनाच्या एका पाठभेदाची आद्याक्षरं जोडून झालंय. प्रार्थना तिथेही गळालीच.)

ही ओळ दहाव्या उपरोधिकेच्या अगदी शेवटाकडे येते. त्याआधी साडेतीनशे ओळी जुवेनल एकच गोष्ट दाखवतो: माणसं देवाकडे जे मागतात, तेच त्यांच्या मुळावर येतं. सत्ता मागितली? सम्राट तिबेरिअसचा उजवा हात सेजानस बघा. इ. स. 31मध्ये तो पडला आणि त्याचे पुतळे भट्टीत गेले. साऱ्या जगात दुसऱ्या क्रमांकाचा जो चेहरा, त्याच्या सुरया, घमेली, तवे आणि मुतायची भांडी झाली. रणातली कीर्ती मागितली? रोमशी लढलेला कार्थेजचा सेनापती हॅनिबल, त्याची राख तागडीत घालून बघा म्हणतो जुवेनल, किती भरते ती. आणि एवढं सांगूनही तुम्हाला मागायचंच असेल, पांढऱ्या डुकराच्या पिल्लाची आतडी आणि 'दैवी' सॉसेजं देवापुढे ठेवायचीच असतील, तर मग हे मागा. सॉसेजं! असल्या सुरात आलेली ओळ आपण डंबेल्सच्या वर लावलीय.

बरं, शरीर कमावणाऱ्यांबद्दल त्याला कौतुक होतं म्हणावं, तर याच कवितेच्या सुरुवातीला एकजण आपल्या ताकदीवर आणि अचाट दंडांवर विसंबून मेलेला आहे. नाव दिलेलं नाही, पण टीकाकार तो क्रोटोनचा मल्ल मिलो मानतात. झाडाचं फाटलेलं खोड हातांनी उकलायला गेला, हात अडकले आणि लांडग्यांनी खाल्ला, अशी त्याची कथा.

शंभरीचं तर विचारूच नका. दीर्घायुष्य मागणाऱ्यांसाठी जुवेनलनं म्हातारपणाचं जे वर्णन केलंय, ते जेवताना वाचू नये. 'मेन्स साना'च्या लगेच पुढे तो मरणाला न भिणारं मन मागतो, जास्त जगणं ही निसर्गाची सगळ्यात शेवटची देणगी मानणारं, राग माहीत नसलेलं. व्यायामानं ते येतं असं कुठे म्हणत नाही. डिप्रेशन आळशांना होतं, हे तर पूर्णपणे फॉरवर्ड करणाऱ्याचं स्वतःचं.

राहिला कालिदास. 'शरीरमाद्यं खलु धर्मसाधनम्' हे कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात बटूच्या वेषातला शंकर पार्वतीला म्हणतो, ती घोर तप करत असताना. झेपेल एवढंच करतेस ना, असं विचारून. म्हणजे सेट वाढव नव्हे, जरा बेतानं घे!

जिमवाल्याला म्हटलं, निदान तो 'च' तरी काढा. म्हणाला, "स्टिकर आहे सर, खरवडला तर खालचा रंग निघेल."