खोकल्यावर लघवी सुटते म्हणून कोलेजन पावडर? थांबा जरा

आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज आठवडाभर फिरतोय, तुम्हालाही आला असेल. खोकताना-शिंकताना लघवी सुटते ना, मग कोलेजन संपलंय, पावडर चालू करा, पाणी कमी प्या, नाहीतर वय झालं म्हणून सोडून द्या, आणि हो, सिझर झालेल्यांना हा त्रास होतच नाही!

आधी कोलेजन, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि तेच जास्त फसवतं. लघवीच्या नळीखाली स्नायू आणि चिवट पडदा मिळून एक झोळी असते, त्या पडद्यात कोलेजन, म्हणजे चिवटपणा देणारं एक प्रोटीन, असतंच. अमेरिकेतले डॉ. जॉन डीलान्सी यांनी 1994 मध्ये ही झोळीची कल्पना मांडली. पाण्याचा पाइप फरशीवर असला तर पाय दिला की बंद होतो, चिखलात असला तर पाइपच खाली रुततो आणि पाणी चालूच. खोकल्याचा जोर म्हणजे पाय, आणि झोळी सैल पडली की झाला चिखल. पण पावडर खाल्ली की पोटात पचते हो, तिचे बारीक तुकडे होतात, ते काय पत्ता विचारत झोळीपर्यंत जाणारेत? डाळीतल्या प्रोटीनचंही पचनात तेच होतं आणि डाळ स्वस्त पडते.

सिझरने धोका कमी होतो हे खरं, पण शून्य नाही, नऊ महिने ओझं त्याच झोळीवर होतं ना. मूल न झालेल्या, उड्या मारणाऱ्या खेळाडू पोरींनाही हे होतं.

पाणी तोडलं तर उलटंच. लघवी तीव्र होते, मूत्राशय चिडतं, वर बद्धकोष्ठ, मग कुंथून कुंथून झोळी अजून ताणायची.

आणि "वय झालं" याचा मला सगळ्यात राग येतो. डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी व्यायाम सांगितला 1948 मध्ये! वायू रोखताना आवळतो तसं आवळायचं, श्वास न रोखता, 8 वेळा, दिवसातून तीनदा, निदान 3 महिने, आणि जमतंय का ते फिजिओला एकदा दाखवायचं. वजन जास्त असेल तर तेही उतरवा: 2009 च्या एका अभ्यासात डाएट-व्यायामवाल्या बायकांचं वजन सरासरी 8 टक्के उतरलं तर गळण्याचे प्रसंग 47 टक्क्यांनी कमी झाले, नुसती माहिती दिलेल्या गटात 28.

घाईची लागून बाथरूमपर्यंत पोचायच्या आत सुटते, तो प्रकार वेगळा, उपचारही वेगळे, ते डॉक्टरांना नीट सांगा. व्यायामाने नाहीच भागलं तर नळीखाली पट्टी बसवायचं ऑपरेशन असतं, 1996 मध्ये स्वीडनच्या उल्मस्टेन यांनी मांडलेलं, त्याचे धोकेही आधी विचारून घ्यायचे. सैल झोळीचं काम ती पट्टी करते, आणि ती प्लास्टिकच्या धाग्याची असते, कोलेजनची नाही.